वर्गसमीकरण: घरच्या दोन्ही भाषांत

दहावीचं वर्ष लागलं की माझ्या शिकवणीत मुलांपेक्षा त्यांच्या आयांचीच घालमेल जास्त असते. "बाई, मी मराठी शाळेत शिकले, पोरगी कन्नड माध्यमात. तिच्या गणितात मी काय सांगणार?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. वर्गसमीकरणाच्या धड्यापाशी तर कितीतरी मुलं 'मला गणित येत नाही' असं ठरवूनच टाकतात. म्हणून आज त्याच धड्याविषयी.

आधी शब्दांची भीती घालवू या. आपलं वर्गसमीकरण कन्नडमध्येही 'वर्ग समीकरण'च. आपलं मूळ ते 'मूल', आणि सूत्र दोन्हीकडे सूत्रच. फरक मोजक्या ठिकाणी आहे. आपण अवयव पाडतो, कन्नड पुस्तकात ते 'अपवर्तन'. आपला विवेचक तिथे 'शोधक'. वहीच्या मागच्या पानावर एवढी यादी करून ठेवली की पुष्कळ काम झालं.

आता एक गमतीचं गणित. ते भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तलं आहे. १११४ साली जन्मलेल्या या आचार्यांचं गाव कोणी विजापूर सांगतं, कोणी चाळीसगावजवळचं पाटण. आपण त्या वादात न पडता दोन्हीकडून त्यांना आपलं म्हणू या! वानरांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आहे, उरलेले १२ टेकडीवर आहेत. तर वानर किती? एकूण वानर क्ष मानले, तर

क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०

गुणाकार ७६८ आणि बेरीज ६४ येईल असे दोन अंक शोधा: ४८ आणि १६. झाले अवयव! ताळा पाहा. ४८चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. १६चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. दोन्ही उत्तरं बरोबर.

पण अवयव दर वेळी सापडत नाहीत. समजा, पडवीची लांबी रुंदीपेक्षा ४ फूट जास्त आणि क्षेत्रफळ १०० चौरस फूट आहे. रुंदी क्ष धरली, तर क्ष² + ४क्ष = १००. १००चे अवयव कितीही फिरवा, ४चा फरक काही मिळत नाही. इथे श्रीधराचार्यांची रीत कामी येते. दोन्ही बाजूंना ४ने गुणा: ४क्ष² + १६क्ष = ४००. दोन्हीकडे १६ मिळवा. डावीकडे (२क्ष + ४)चा पूर्ण वर्ग तयार होतो, उजवीकडे ४१६. त्याचं वर्गमूळ सुमारे २०.४, म्हणून रुंदी सुमारे ८.२ फूट. पुस्तकातलं लांबलचक सूत्र म्हणजे हीच रीत अक्षरांत मांडलेली. ४१६ हाच त्यातला विवेचक. एकदा हे हाताने करून पाहिलं की सूत्र घोकावं लागत नाही.

वर्गमूळ ऋणही घेता येतं. मग रुंदी उणे १२.२ येते. उणे रुंदीची पडवी कोण बांधणार? ते उत्तर सोडायचं. वानरांची दोन्ही उत्तरं चालली, इथे एकच चालतं. कोणतं ठेवायचं ते प्रश्न पुन्हा वाचल्यावरच कळतं.

आईने नेमकं इथेच शेजारी बसावं. मुलीला म्हणावं, "प्रश्न तुझ्या भाषेत वाच, मला माझ्या भाषेत समजावून सांग." सांगताना ती कुठे अडखळली, तिथून पुन्हा सुरुवात करा.