गावरान कोंबडीलाही लस हवीच

वस्तीत दारापुढे चार कोंबड्या असल्या की लेकरांच्या ताटात अंडं येतं, अडीनडीला दोन पैसे मिळतात. म्हणून खुराडं रिकामं झालं तर तो फटका घरालाच बसतो. आरोग्याच्या कामासाठी घरोघर फिरताना आम्ही नेहमी ऐकतो, “गावरान कोंबडीला काही होत नाही.” हे अर्धंच खरं आहे.

ब्रॉयलर साधारण ६ आठवड्यांत २ किलोची होते. पिढ्यान्‌पिढ्या वजनासाठीच निवडल्यामुळे तिचं बहुतेक खाद्य मांस बनण्यात जातं. ऊन आणि आजार तिला कमी सोसतात. गावरान कोंबडी एक-दीड किलोची व्हायला ५-६ महिने लागतात, पण ती काटक असते. वनराज, गिरिराज या जाती परसात पाळण्यासाठीच तयार केल्या आहेत. त्या गावरानपेक्षा लवकर वाढतात, अंडीही जास्त देतात. मात्र मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, यातल्या कुणालाच सोडत नाही.

एकच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवला तर त्याच्याच पोरींशी जोड लागते आणि पिल्लं कमजोर निघतात. दरवर्षी दुसऱ्या वस्तीतला निरोगी कोंबडा आणा. आणल्यावर दोन आठवडे वेगळा ठेवा.

नुसत्या भात-भाकरीवर पिल्लू वाढत नाही, आजाराशीही लढू शकत नाही. त्याला प्रथिनं लागतात. सुकटीचा चुरा, शेंगदाण्याची पेंड, शेवग्याचा पाला द्या. अंडी देणाऱ्या कोंबडीला अंड्याची टरफलं उकळून, बारीक कुटून द्या. बुरशी आलेला मका किंवा पेंड अजिबात नको. त्यातलं विष यकृत बिघडवतं, प्रतिकारशक्ती मोडतं. मग लसही नीट लागू पडत नाही.

राणीखेतची पहिली लस ५ ते ७ दिवसांच्या पिल्लाला डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. पुढचे डोस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. एका बाटलीत पुष्कळ डोस असतात, म्हणून गल्लीतल्या बायांनी मिळून एकाच दिवशी लस द्यावी.

कोंबडी आजारी पडली म्हणून घरातली अँटिबायोटिक गोळी कुटून पाजू नका. राणीखेत विषाणूचा रोग आहे. त्यावर ती चालत नाही. उलट जंतू औषधाला सरावतात आणि उद्या तीच गोळी आपल्या लेकराला लागू पडत नाही. याच कारणाने सरकारने २०१९ मध्ये कोंबड्यांसाठी कोलिस्टिन या औषधावर बंदी घातली.

मेलेली कोंबडी खाऊ नका, नाल्यात टाकू नका. चुना टाकून खोल पुरा, हात साबणाने धुवा. एकदम बऱ्याच मेल्या तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.