फी माफीच्या ऐकीव गोष्टी

बारावीचा निकाल लागला की सेतू केंद्रांबाहेर दाखल्यांसाठी रांगा लागतात, आणि त्या रांगेतच ‘आपल्याला काही मिळत नाही’ हा समजही पसरतो. नुसत्या ऐकीव गोष्टीवर विसंबून पात्र मुलांनी अर्जच भरू नये, याचं फार वाईट वाटतं.

सर्वांत जुना समज असा, की शिष्यवृत्ती फक्त राखीव प्रवर्गातल्यांना मिळते. प्रत्यक्षात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना खुल्या प्रवर्गासाठीच आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून, प्रवेश मिळाला असेल, तर निम्मी शिक्षण फी शासन भरतं. कुटुंबातल्या दोनच अपत्यांना हा लाभ मिळतो.

उलटा समज अनुसूचित जातींच्या घरांत आढळतो: उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं की सगळं संपलं. संपत नाही. त्या मर्यादेपुढे निर्वाह भत्ता मिळत नाही, पण महाराष्ट्रात ‘फ्रीशिप’मधून फी मिळू शकते.

‘मुलींचं शिक्षण आता फुकट’ हे वाक्य मात्र अर्धंच खरं आहे, आणि त्यामुळेच ते जास्त त्रास देतं. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. पूर्वी ही सवलत निम्मी होती. निर्णय मोठा आहे आणि त्याचं स्वागतच करायला हवं. पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांना आणि ‘कॅप’मधून झालेल्या प्रवेशांना लागू आहे. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. विकास शुल्क, वसतिगृह, खाणावळ, पुस्तकं हा खर्च उरतोच. गावाकडून पुण्याला किंवा नागपूरला येणाऱ्या मुलीच्या घराला फीइतकाच हा खर्च जड जातो. म्हणून खोलीभाडं आणि जेवणासाठी वेगळ्या योजना आहेत: अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम्, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. फीसाठी अर्ज करणारे या योजनांकडे बघतही नाहीत.

केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीत पदवीसाठी वर्षाला १२ हजार आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी २० हजार मिळतात. उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख आहे. तिथे ८० पर्सेंटाइलची अट आहे, ८० टक्क्यांची नाही. आपल्या बोर्डात बारावीला वरच्या वीस टक्क्यांत येणं एवढाच तिचा अर्थ.

सगळ्यांत महाग पडणारा समज असा: महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला, की पैसे आपोआप येतील. अर्ज आधी कॉलेजमधल्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, मग संबंधित विभागाकडे. कागद चुकला तर तो परत येतो, आणि मुदतीत दुरुस्त केला नाही तर पडून राहतो. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मधे कुणी भलत्याच कामासाठी नवं खातं उघडून दिलं असेल, तर शिष्यवृत्ती तिथे जाऊन बसते. त्यामुळे आपलं आधार कोणत्या बँकेशी जोडलंय, हे अर्जाआधीच पाहावं. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीही असते, ती भरायची असते. घरखर्चात गेली तर कॉलेज तगादा लावतं.

शिष्यवृत्तीने भागलं नाही, तर शैक्षणिक कर्जाला जमीन तारण लागतेच असंही नाही. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार दोन्हींविना कर्ज मिळतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल आणि दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत मिळत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतही मिळू शकते. बँकेत सातबारा मागितला गेला, तर या दोन गोष्टी शाखाधिकाऱ्यांपुढे नावानिशी मांडाव्यात.