चाक कुणाच्या हाती?

पुण्याहून पौडकडे जाणारा रस्ता चांदणी चौक ओलांडतो, भूगाव-भुकूम मागे टाकतो आणि पिरंगुटचा घाट उतरून मुळशीच्या खोऱ्यात शिरतो. पिरंगुटच्या पुढे लागते ते कासार आंबोली. जूनच्या पहिल्या सरी पडल्या की रविवारी या रस्त्याने ताम्हिणीकडे मोटारींची आणि फटफट्यांची अशी काही रांग लागते की गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना रस्ता ओलांडायची सोय उरत नाही.

अशाच एका रविवारी चहाच्या टपरीवर बसलो होतो. एक लाल गाडी कानठळ्या बसवीत निघून गेली. शेजारच्या आजोबांनी बशीतला चहा सावरला आणि म्हणाले, "काय घाई असती वो यास्नी? धबधबा काय पळून चाललाय?"

सगळे हसले. बाकाच्या टोकाला एक गृहस्थ मुलीला घेऊन बसले होते. शेजारी तिची पत्र्याची ट्रंक. सुट्टी संपवून ती शाळेत परत चालली होती. कासार आंबोलीला महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आहे. १९९७ साली ती सुरू झाली, आणि देशातली मुलींची पहिली सैनिकी शाळा म्हणून ती ओळखली जाते. पोरगी हसली नव्हती. गाडी गेली त्या दिशेला बघत होती.

"हिला मोटारींचं भारी वेड," वडील ओशाळून म्हणाले. "म्हणते, शर्यतीत उतरणार. आता काय बोलावं?"

मुलीने माझ्याकडे वळून विचारले, "काका, स्वतःची गाडी नसली तर शर्यतीत उतरता येतं का?"

मला उत्तर आले नाही. इतकी वर्षे मोटारींवर लिहिणारा मी चहाच्या पेल्यात बघत बसलो. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

पुण्याच्या डायना पुंडोले

उत्तर शोधायला फार लांब जावे लागले नाही. डायना पुंडोले आपल्या पुण्याच्याच. शिक्षिका, दोन मुलांची आई. २०१८ साली जे. के. टायर या कंपनीने स्त्रियांना शर्यतीचे शिक्षण देण्याचा उपक्रम केला, त्यातून त्यांनी या खेळात पाऊल टाकले. घरी शर्यतीची गाडी उभी होती म्हणून त्या चालक झाल्या, असे नाही. एक दार कुणीतरी उघडे ठेवले होते, त्यातून त्या आत गेल्या.

पुढची सहा वर्षे घर, शाळा, मुले आणि शर्यत अशी चौपदरी कसरत चालली. या वाक्याचा अर्थ कळायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. महाराष्ट्रात मोटारशर्यतीचा पूर्ण लांबीचा कायमचा मार्ग नाही. कोल्हापुरात मोहित्यांनी छोट्या कार्ट गाड्यांची धावपट्टी उभारली आहे, तिचे कौतुकच करायला हवे. पण मोठ्या गाडीसाठी कोइमतूर गाठायचे, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला जायचे, नाहीतर मद्रास. मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे १९९० साली सुरू झालेला मार्ग आहे. पुण्याच्या आईने सराव करायचा तो तिथे, हजार-अकराशे किलोमीटरांवर!

याच मार्गावर ऑगस्ट २०२४ मध्ये डायना पुंडोले यांनी राष्ट्रीय मोटारशर्यत स्पर्धेत सलून गाड्यांच्या गटाचे अजिंक्यपद पटकावले. मोटारींच्या शर्यतीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी ही पहिली भारतीय स्त्री. हा गट काही स्त्रियांसाठी राखून ठेवलेला नव्हता, हे विशेष. पुरुषांच्या बरोबरीने सुटायचे आणि त्यांच्या पुढे पोहोचायचे, असा रोकडा व्यवहार. मोटारीला चालक पुरुष आहे की स्त्री, हे कळत नाही. तिला पायाचा दाब आणि हाताचे वळण तेवढे कळते.

पकड म्हणजे महिन्याचा पगार

पुष्कळांची समजूत असते की शर्यत म्हणजे पाय दाबून धरायचा आणि देवाचे नाव घ्यायचे. तसे असते तर ताम्हिणीच्या रस्त्यावरचे अर्धे वीर जगज्जेते झाले असते.

टायर आणि रस्ता यांच्यामधली पकड ही शर्यतीच्या चालकाची सारी पुंजी. ती महिन्याच्या पगारासारखी ठरलेली असते. सगळी ब्रेकवर उधळली तर वळणासाठी हाती काही उरत नाही, आणि वळणात सगळी खर्चली असताना ब्रेक मारायला गेलात तर गाडी दिवाळे काढून मोकळी होते. म्हणून कुशल चालक जोराचा ब्रेक सरळ रस्त्यावरच मारतो, मग तो हळूहळू सोडीत वळणात शिरतो. वळणात शिरताना बाहेरची कड धरायची, मध्यावर आतल्या कडेला चाटून जायचे आणि निघताना पुन्हा बाहेरच्या कडेला यायचे. असे केल्याने वळणाची वर्तुळरेषा मोठी होते आणि तेवढ्याच पकडीत वेग जास्त राखता येतो. (हे वाचून कुणी घाटात प्रयोग करू नये. शर्यतीच्या मार्गावर समोरून एस. टी. येत नाही.)

यात दणकट दंडापेक्षा लागते ते शांत डोके. अंगात आगीपासून रक्षण करणारा जाड पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण, त्यात मद्रासचे ऊन आणि बंद गाडीत इंजिनाची धग. घामाने अंग निथळत असते, पुढच्या-मागच्या गाड्या वीतभर अंतरावर असतात, आणि तशा अवस्थेत फेरीमागून फेरी तोच ब्रेक त्याच जागी, हातभरही न चुकता मारायचा असतो. एका मुलाचा अभ्यास घेता घेता दुसऱ्याचे भांडण सोडवणाऱ्या आईला याची थोडी सवय असावी, असे मला वाटते.

विमानातून मोटारीत

आता कासार आंबोलीच्या मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. चाक हाती आले, गुण सिद्ध झाले, म्हणजे सगळे मिळाले का? त्यासाठी अमेरिकेतल्या एका बाईची हकीगत सांगायला हवी.

जॅनेट गथ्रीचा जन्म १९३८ चा. वडील वैमानिक. सोळाव्या वर्षी तिने एकटीने विमान उडवले, सतराव्या वर्षी वैमानिकाचा परवाना काढला. मिशिगन विद्यापीठातून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन १९६० साली ती विमाने बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता म्हणून लागली. पगारातून तिने जुनी जॅग्वार घेतली आणि १९६३ पासून स्पोर्टस् कारच्या शर्यतींत उतरू लागली. इंजिन खोलायचे, दुरुस्त करायचे, जोडायचे, सगळे स्वतःच्या हाताने. सेब्रिंगच्या बारा तासांच्या प्रख्यात शर्यतीत तिने आपल्या गटात दोनदा पहिला क्रमांक मिळवला. अशी तेरा वर्षे गेली.

१९७६ साली एका जुन्या संघमालकाने तिला इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीसाठी बोलावले आणि गहजब उडाला. ज्या मैदानात सत्तरीच्या सुरुवातीपर्यंत स्त्रियांना गाड्यांच्या दुरुस्तीच्या आवारात पाय ठेवायची मनाई होती, तिथे ही बाई गाडी चालवणार! बायकांच्या अंगात बळ नसते, त्या दमतात, आमचा जीव धोक्यात येईल, असे ताशेरे झडले. त्या वर्षी तिची गाडी कमी पडली. ए. जे. फॉइट या नामवंत चालकाने सरावापुरती आपली जादा गाडी तिला दिली, तेव्हा पात्रतेला पुरेल इतका वेग तिने सहज गाठला. पण ती गाडी परक्याची. प्रत्यक्ष पात्रता फेरीसाठी ती मिळाली नाही.

पाहा, वाचकहो! चालक तीच, रस्ता तोच. बदलली होती ती फक्त गाडी.

पुढच्या वर्षी, १९७७ साली, ताशी तीनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने तिने पात्रता मिळवली आणि इंडियानापोलिसला धावणारी पहिली स्त्री ठरली. त्याच वर्षी डेटोनाच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ती बारावी आली. तिथेही ती पहिलीच. १९७८ साली स्वतःचा संघ बांधून ती इंडियानापोलिसला उतरली. शर्यतीच्या दोन दिवस आधी टेनिस खेळताना तिचे मनगट मोडले होते. कळले तर शर्यतीत उतरू देणार नाहीत, म्हणून तिने ते लपवले, आणि मोडक्या मनगटाने पाचशे मैलांची शर्यत लढवून नववी आली! बायका दमतात म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर द्यायला नको.

इथे खरे तर तिच्या कर्तबगारीची सुरुवात व्हायला हवी होती. झाला शेवट. पुरस्कर्ता मिळेना. १९७९ साली मिल्वॉकीच्या शर्यतीत ती पाचवी आली तरीही मिळेना. १९८० नंतर हळूहळू तिची गाडी थांबली. अपघाताने नाही, भीतीने नाही, वयाने नाही, पैशाने थांबली. तिचे शिरस्त्राण आणि पोशाख आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. काचेच्या कपाटात मान मिळाला, मैदानात गाडी मिळाली नाही.

फेरारीची चावी

ही हकीगत वाचून पुन्हा पुण्याकडे वळावे. २०२५ साली बातमी आली की नोव्हेंबरपासून आखाती देशांत सुरू होणाऱ्या फेरारी क्लब चॅलेंज स्पर्धेत डायना पुंडोले 'फेरारी २९६ चॅलेंज' ही गाडी घेऊन उतरणार आहेत. आंतरराष्ट्रीय शर्यतीत फेरारी चालवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून वृत्तपत्रांनी त्यांचे स्वागत केले. या गाडीची ताकद ७०० अश्वशक्ती! आपली साधी घरगुती मोटार ऐंशी-नव्वद अश्वशक्तीची असते. म्हणजे आठ मोटारींचे बळ एकीत कोंडलेले आणि चाक पुण्याच्या एका आईच्या हाती.

अशा एका हंगामामागे टायर, इंधन, वाहतूक, कारागीर, विमानप्रवास असा खर्चाचा डोंगर असतो. तो कुणा एका संसाराच्या कमाईतून पार होण्यासारखा नाही. म्हणूनच गथ्रीच्या वाटेला आलेला प्रश्न आमच्या मुलींपुढेही उभा आहे. पहिले दार २०१८ मध्ये उघडले. पण पहिले दार उघडे ठेवणारे पुष्कळ मिळतात. त्यात टाळ्या आहेत, छायाचित्रे आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी जो दार धरून उभा राहील, तो खरा.

आणि हे पुण्याने करायचे नाही तर कुणी? पिंपरी-आकुर्डीत मोटारी बनतात, चाकणला बनतात. याच पौड रस्त्यालगतच्या टेकडीवर मोटारींची कसोटी घेणारी संशोधन संस्था आहे. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्या या जिल्ह्यात जन्माला येतात, पण त्या वेगाने हाकायला शिकायचे तर मुलीने मद्रासची गाडी पकडायची! गाड्या घडवणाऱ्या गावाने गाडी हाकणारीही घडवावी, ही काही फार मोठी मागणी नव्हे. दरसाल चार होतकरू मुलामुलींचे दोन हंगामांचे शुल्क उचलले तरी चालेल.

तर कासार आंबोलीच्या मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. स्वतःची गाडी नसली तरी शर्यतीत उतरता येते. एकाच बनावटीच्या गाड्यांच्या ज्या शर्यती असतात, त्यांत गाडी आयोजक पुरवतात, चालकाने शुल्क भरायचे आणि राष्ट्रीय संघटनेचा परवाना काढायचा. आधी कार्ट शीक. कोल्हापूर त्यातल्या त्यात जवळ आहे. पदार्थविज्ञान मन लावून वाच, कारण वळणावर तेच कामाला येते. पाना-पकड हातात धरायला लाजू नकोस. आणि शाळेत पहाटे जी कवायत करून घेतात, तिला कंटाळू नकोस. शेवटच्या पाच फेऱ्यांत तीच उपयोगी पडते.

राहिला प्रश्न शुल्काचा. तो तुझ्या एकटीच्या हातचा नाही. तो आम्हा मोठ्यांनी सोडवायचा आहे, आणि त्याचे उत्तर अजून आमच्याकडून यायचे आहे.

त्या दिवशी चहा संपवून ती उठली. ट्रंकेची एक कडी वडिलांनी धरली, दुसरी तिने. रस्त्यावर गाड्यांची रांग चालूच होती. आजोबांनी हात वर करून एक मोटार थांबवली आणि म्हणाले, "जा पोरी, जा. आधी तू."