कंबरेचा तडा आणि तरुण खेळाडू

चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा कंबर दुखते म्हणाला, की आपण ‘या वयात कसली कंबरदुखी?’ म्हणून तेल चोळून देतो. माझ्या पुतण्याच्या बाबतीत मीही तेच केले. जलद गोलंदाजी करणाऱ्या त्या मुलाने दोन महिने दुखणे अंगावर काढले. शेवटी एमआरआय तपासणीत मणक्याच्या हाडाला बारीक तडा गेल्याचे निष्पन्न झाले. मी डॉक्टर नव्हे. तथापि त्यानिमित्ताने जे समजले ते पालकांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

यास स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. हा तडा एकदम मार लागून जात नाही. कंबर वारंवार मागे वाकवून पिळल्याने मणक्याच्या मागील अरुंद भागावर ताण साठत जातो. बहुधा कंबरेचा चौथा किंवा पाचवा मणका यात सापडतो. मागे वाकताना दुखणे व विश्रांतीने बरे वाटणे ही त्याची खूण. साध्या एक्स-रेत तो दिसेलच असे नाही.

उपचाराचे टप्पे तीन. पहिला, विश्रांती. साधारण तीन महिने खेळ बंद. काहींना डॉक्टर पट्टा देतात. दुसरा, फिजिओथेरपी. पोटाचे खोलवरचे व कण्यालगतचे स्नायू बळकट करणे, मांडीमागील आखडलेले स्नायू मोकळे करणे. या काळात मागे वाकण्याचे व्यायाम टाळतात. तिसरा, हळूहळू पुनरागमन. आधी धावणे, मग कमी जोराने व चेंडू मोजून गोलंदाजी. एकंदर सहा महिनेही लागतात. शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते. मात्र पायात मुंग्या, अशक्तपणा किंवा लघवीवरील ताबा सुटणे असे काही आढळल्यास तात्काळ डॉक्टरांकडे जावे.

ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली 1973 साली याच दुखण्याने कोसळला. प्लास्टर व शिस्तबद्ध व्यायामानंतर 1974-75 च्या अ‍ॅशेस मालिकेत त्याने 25 बळी घेतले. आपल्या जसप्रीत बुमराहलाही 2019 साली अशाच इजेमुळे थांबावे लागले होते.

दुखणे थांबले म्हणजे हाड जुळले असे नव्हे. नेमकी इथेच मुले घाई करतात आणि पालकही मान डोलावतात. माझ्या पुतण्याचा एक हंगाम गेला, पण पाठ वाचली. विद्यार्थी मित्रांनो, दुखणे लपवू नका. पालकहो, मूल सांगते तेव्हा ऐका.