अमेरिकेचं टॅरिफ, सिरसाळ्याचा कापूस: आयात शुल्क माफ झालं तर भावावर काय परिणाम?

सिरसाळा (ता. परळी): दसरा झाला की या भागात पहिल्या वेचणीचा कापूस घरात येऊ लागतो. २०२५ मध्ये सप्टेंबरच्या अतिवृष्टीने बीड जिल्ह्यातल्या कपाशीला झोडपून काढलं. जे हाती लागलं ते ओलसर होतं. त्यात बाजारात भाव विचारला की गोष्ट थेट अमेरिकेपर्यंत जाते. ती का जाते, ते समजून घेऊ.

नेमकं काय घडलं?

७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के टॅरिफ लावलं. त्याच दिवशी नवी दिल्लीत एम. एस. स्वामीनाथन शताब्दी परिषदेत पंतप्रधानांनी शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमारांच्या हिताशी तडजोड करणार नाही, असं सांगितलं.

१९ ऑगस्टपासून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं. २७ ऑगस्टला रशियन तेलाच्या मुद्द्यावरून टॅरिफ ५० टक्के झालं. दुसऱ्याच दिवशी शुल्कमाफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढली.

खरी मेख या वाढीव मुदतीत आहे. ३० सप्टेंबरपर्यंत आपला बहुतेक कापूस झाडावरच असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा मात्र ऐन आवकेचा काळ. परदेशी गाठी आणि आपला कापूस एकाच वेळी बाजारात येणार होता.

सरकारने असं का केलं?

आपल्या कापडाचा आणि तयार कपड्यांचा सर्वात मोठा ग्राहक अमेरिका आहे. ऑगस्ट २०२५ अखेर बांगलादेश आणि व्हिएतनामवर टॅरिफ २० टक्के होतं, आपल्यावर ५०. तिरुपूरसारख्या ठिकाणचे कारखाने बंद पडले तर रोजगार जातो. रुई तरी स्वस्त मिळावी, ही गिरण्यांची मागणी होती आणि ती खोटी नव्हती. प्रश्न इतकाच, की त्या सवलतीचा भार कोणावर पडला?

क्विंटलमागे किती?

साधं गणित करू. समजा, परदेशी रुई बंदरात १५० रुपये किलोने पडते. ११ टक्के शुल्क म्हणजे किलोमागे साडेसोळा रुपये. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. म्हणजे शुल्क असताना गिरणी देशी कापसाला क्विंटलमागे सुमारे ५६० रुपये जास्त देऊ शकली असती. शुल्क गेलं की तेवढी आड निघून जाते. भाव लगेच तेवढाच पडेल असं नाही, पण वर जायला जागा उरत नाही.

ब्राझीलची हेक्टरी रुई आपल्या साधारण चौपट निघते. तिथल्या शेतकऱ्याला जो भाव परवडतो, तो कोरडवाहू परळीला कसा परवडणार?

मग हमीभावाचं काय?

२०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये होता. पण खासगी व्यापाऱ्यावर तो बंधनकारक नाही. तो देते सीसीआय, आणि तिथे आर्द्रतेची अट आहे. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, १२ टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. म्हणजे त्या हंगामात १२ टक्के आर्द्रतेच्या लांब धाग्याच्या कापसाला ८,११० ऐवजी सुमारे ७,७८६ रुपये मिळत होते. २०२५ च्या ओल्या कापसाला हीच अट सर्वात जड जाणारी होती. घरात पसरून वाळवायला जागा नसेल, तर माल खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो.

सीसीआयला विकायचं असेल तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते. सातबाऱ्यावर कपाशीची नोंद आणि आधारशी जोडलेलं बँक खातं आधीच तपासून घ्या. गाडी भरून केंद्रावर गेल्यावर खातं जोडलेलं नाही असं कळलं, तर भाड्याचा भुर्दंड तुमच्याच खिशातून जाईल.