वाट तुडवणारा आणि वाट पाहणारी

ट्रॉयच्या लढाईतला लाकडी घोडा बहुतेकींना शाळेपासून माहीत असतो. घोड्याच्या पोटात दडून बसलेले सैनिक, रात्री उघडलेले दरवाजे आणि उजाडेपर्यंत पडलेलं शहर! ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली, तो इथाका नावाच्या लहानशा खडकाळ बेटाचा राजा ओडिसियस. लढाई दहा वर्षं चालली. ती संपल्यावर त्याला एवढंच करायचं होतं, गलबतात बसून घरी जायचं. घरी बायको होती, तो निघाला तेव्हा तान्हं असलेलं मूल होतं, म्हातारे आईवडील होते.

त्या घरी जाण्याला आणखी दहा वर्षं लागली. त्याचीच कथा म्हणजे ‘ओडिसी’. होमर या कवीच्या नावावर असलेलं हे ग्रीक महाकाव्य इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचं मानतात. चोवीस सर्ग, बारा हजारांवर ओळी. शौर्याची आणि चिकाटीची गोष्ट म्हणून ते जगभर वाचलं जातं, आणि वाचताना आपली नजर साहजिकच समुद्रावर असते. पण मैत्रिणींनो, ते नीट वाचलं तर लक्षात येतं, की वीस वर्षं झुंजणारी माणसं दोन होती. एक घराबाहेर आणि एक माजघरात.

नजरेच्या टप्प्यात आलेलं घर

आधी बाहेरचं पाहू. ओडिसियस बारा गलबतं घेऊन परत निघाला. वाटेत एकडोळ्या राक्षस पॉलिफीमसच्या गुहेत तो आणि त्याचे काही सोबती अडकले. राक्षसानं सहा जण खाल्ले. तेव्हा ओडिसियसनं त्याला दारू पाजली, ‘माझं नाव कोणी नाही’ असं सांगितलं आणि झोपेत त्याचा डोळा फोडला. राक्षस ओरडू लागला तसे शेजारचे राक्षस धावून आले. ‘कोण मारतंय?’ ‘कोणी नाही!’ झालं, सगळे आपापल्या घरी परत गेले.

इथवर अक्कल चालली. पण गलबत किनाऱ्यापासून लांब गेल्यावर या शहाण्याला राहवेना. त्यानं आपलं खरं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं ओरडून सांगितलं. हा राक्षस समुद्राच्या देवाचा, पोसायडनचा मुलगा. त्यानं बापाला साकडं घातलं, आणि पुढची सगळी वर्षं समुद्र ओडिसियसवर उलटला. एक क्षण जीभ आवरली असती तर!

मग वाऱ्यांचा राखणदार इओलस भेटला. त्यानं उलटे वारे एका चामड्याच्या थैलीत बांधून दिले. नऊ दिवस आणि नऊ रात्री ओडिसियसनं गलबत दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. दहाव्या दिवशी इथाका दिसू लागलं. इतकं जवळ, की किनाऱ्यावर पेटवलेली आग आणि तिच्याभोवतीची माणसं ओळखू यावीत. आता पोचलोच, म्हणून त्याचा डोळा लागला. तेवढ्यात सोबत्यांना वाटलं, थैलीत सोनंनाणं असेल. त्यांनी गाठ सोडली. वारे सुटले आणि गलबतं फिरून होती तिथं गेली.

घर डोळ्यांनी दिसावं आणि हातचं जावं, याहून वाईट काय? त्या वेळी गलबतावरून उडी टाकावी की मुकाट्यानं सोसावं, असा विचार त्याच्या मनात आला. त्यानं सोसायचं ठरवलं. होमरच्या वीराचं हे खरं लक्षण आहे. ट्रॉयच्या लढाईत मोठे मोठे योद्धे होते, पण ‘पुष्कळ सोसलेला’ हे विशेषण काव्यात पुन्हा पुन्हा लागतं ते ओडिसियसला.

पुढे नरभक्षक राक्षसांनी अकरा गलबतं फोडली. सर्सी या जादूगारणीकडे तो एक वर्ष राहिला, इतका रमला की शेवटी सोबत्यांनाच घराची आठवण करून द्यावी लागली. मृतांच्या लोकात गेला, तर तिथं आईची सावली भेटली. तो निघाला तेव्हा ती जिवंत होती. तिनं सांगितलं, की कुठल्या दुखण्यानं नाही, तुझ्या काळजीनंच माझा जीव गेला. तीनदा त्यानं तिला मिठी मारायला हात पुढे केले आणि तीनदा हातात काही आलं नाही. शेवटी सोबत्यांनी सूर्यदेवाच्या गाई मारून खाल्ल्या, त्या पापापायी उरलेलं गलबतही बुडालं. बारा गलबतांतून एकटा ओडिसियस वाचला.

अमरपण नको, घर हवं

लाटांनी त्याला कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर नेऊन टाकलं. तिथं तो सात वर्षं होता. खायला-प्यायला ददात नाही, बाई देखणी, आणि ती म्हणते, इथंच राहा, तुला म्हातारपण येणार नाही, मरण येणार नाही. हा मात्र रोज किनाऱ्यावर बसून समुद्राकडे बघत रडतो.

त्यानं तिला दिलेलं उत्तर बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं असं आहे. माझी पेनेलोपी रूपानं तुझ्यापुढे कमीच आहे, हे तो सरळ कबूल करतो. ती माणूस आहे, तिला वय होणार, मरण येणार, हेही म्हणतो. तरी मला तिच्याकडे, माझ्या घरी जायचंय, आणि वाटेत आणखी सोसावं लागलं तर सोसेन. एकीकडे कधीही न सुरकुतणारी अप्सरा, दुसरीकडे वीस वर्षांत वय झालेली बायको. त्यानं बायको निवडली. सर्सीकडे रमलेल्या नवऱ्यावर आपण मघाशी चिडलो असलो, तरी इथं थोडा राग उतरतो!

आणि इकडे घरात

आता इथाकात येऊ. राजा मेला असं धरून आसपासच्या बेटांवरचे सरदार पेनेलोपीला मागणी घालायला आले. एकशे आठ जण! आणि आले ते मुक्कामालाच राहिले. रोज तिच्या दाराशी तिचीच जनावरं कापून जेवायचं, तिचंच मद्य प्यायचं आणि म्हणायचं, ‘आमच्यातला एक निवड, म्हणजे आम्ही जातो.’ घरचा डुकरं राखणारा युमीअस हिशेब ठेवून होता. रोज एक पुष्ट डुक्कर वाड्यावर धाडावं लागे, आणि आता नर उरले होते तीनशे साठ. संसार डोळ्यांदेखत संपत होता.

पेनेलोपीच्या हातात ना तलवार, ना माणसं. सासूबाई गेलेल्या, सासरे लेअर्टीस मळ्यात जाऊन फाटक्या कपड्यांत दिवस काढणारे. माहेरचे लोकही म्हणू लागले, आता लग्न कर. मुलगा टेलेमॅकस वाढला होता, पण पहिल्याच सर्गात तो आईला चार लोकांत सुनावतो, की आत जा, माग आणि चाती सांभाळ, बोलणं हे पुरुषांचं काम. पोटच्या पोराचं हे बोलणं ऐकून ती चकित होते आणि मुकाट्यानं माडीवर जाते.

त्या मागावरच तिनं आपली लढाई लढवली. ती म्हणाली, सासऱ्यांच्या अंतकाळासाठी वस्त्र विणायचं राहिलंय, ते न करता मी गेले तर बायका मला नावं ठेवतील. ते संपलं की निवडते. कोण नाही म्हणणार? दिवसा ती विणायची आणि रात्री दिव्याच्या उजेडात विणलेलं उसवायची. अशी तीन वर्षं तिनं एकशे आठ पुरुषांना थोपवलं. चौथ्या वर्षी एका दासीनं फोडलं आणि ते वस्त्र तिला पुरं करावं लागलं.

पुढे तिनं आणखी एक चतुराई केली. मागणी घालणाऱ्यांपुढे येऊन म्हणाली, अहो, रीत अशी असते की वधूकडे येताना लोक आपली जनावरं आणतात, तिला नजराणे देतात, तिचं घर खात बसत नाहीत. लगेच माणसं धावली. बारा सोन्याच्या आकड्यांचं भरजरी वस्त्र आलं, अंबर जडवलेला सोन्याचा हार आला, तीन-तीन लोलकांची कर्णभूषणं आली. खाल्लेल्यातलं थोडं तरी वसूल झालं! भिकाऱ्याच्या वेषात कोपऱ्यात बसलेला ओडिसियस हे बघून मनात खूश झाला. होय, तोवर तो घरी पोचला होता, पण कुणी ओळखू नये म्हणून चिंध्या नेसून. त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्यानं, अर्गोसनं, त्याला ओळखलं, शेपूट हलवली आणि प्राण सोडला. पाय धुताना दाई युरिक्लिआनं जुना व्रण ओळखला. पेनेलोपीला मात्र त्यानं काही सांगितलं नाही.

तिची खरी कोंडी वेगळीच होती. जाताना ओडिसियस सांगून गेला होता, की मुलाला दाढी फुटेपर्यंत मी आलो नाही, तर तू हवं त्याच्याशी लग्न कर. मुलाला आता दाढी फुटली होती. म्हणजे ती केवळ शब्दाला बांधलेली नव्हती, तिला मोकळीक होती. तिच्या वाट पाहण्याचं मोल त्यामुळेच वाढतं.

शेवटी तिनं पण लावला. कोठाराची किल्ली घेऊन ती ओडिसियसचं धनुष्य आणायला स्वतः गेली, ते मांडीवर घेऊन पोटभर रडली, मग डोळे पुसून सभेत आली. हे धनुष्य चढवून बारा कुऱ्हाडींमधून जो बाण पार करील, त्याच्याबरोबर मी जाईन. कुणालाच जमलं नाही. भिकाऱ्यानं ते सहज चढवलं, आणि मग त्या मेजवानीचा शेवट रक्तात झाला.

पलंगाची परीक्षा

नवरा समोर बसला आहे, सगळे म्हणताहेत हाच तो. पेनेलोपी गप्प. मुलगा रागावतो, की तुझं काळीज दगडाचं आहे. ती म्हणते, आम्हा दोघांनाच ठाऊक असलेल्या खुणा आहेत, आम्ही एकमेकांना ओळखू. आणि सहज बोलल्यासारखं दासीला सांगते, की यांचा पलंग खोलीबाहेर काढून अंथरूण घाल.

ओडिसियस उसळतो. माझा पलंग हलवला कुणी? जमिनीत मुळं असलेल्या जिवंत ऑलिव्हच्या झाडाचा बुंधा तासून त्यानं तो पलंग केला होता आणि भोवती खोली बांधली होती. हलणार कसा? हे गुपित त्या दोघांशिवाय एका दासीलाच ठाऊक होतं. साऱ्या राक्षसांना फसवून आलेला चतुर पुरुष बायकोच्या एका वाक्यात फसला, आणि तिची खात्री पटली. मग ती धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. कुणी तरी तोतया येऊन फसवील, ही धास्ती मला कायम होती, असं तिनं सांगितलं.

इथं होमरनं दिलेली उपमा वाचून मी पुस्तक मिटून क्षणभर बसले. गलबत फुटल्यावर पोहत पोहत, अंगावर मिठाचे थर घेऊन जमिनीला पाय लागणाऱ्यांना जो आनंद होतो, तो आनंद कवीनं दिला आहे पेनेलोपीला! जिनं बेट सोडलं नाही तिला. आधी आठव्या सर्गात लढाईचं गाणं ऐकून ओडिसियस रडतो, तेव्हा तो रडतो कसा? युद्धात पडलेल्या नवऱ्याच्या देहावर आडवी पडून आक्रोश करणाऱ्या, गुलाम म्हणून ओढून नेल्या जाणाऱ्या बाईसारखा. तिचं दुःख त्याला कळलं, आणि समुद्रातली झुंज तिचीही होती.

एक गोष्ट मात्र घशात अडकते. पुरुषांना मारल्यावर घरातल्या पन्नास दासींपैकी बारा जणींना, त्या मागणी घालणाऱ्यांच्या झाल्या म्हणून, आधी रक्त पुसायला लावलं आणि मग टेलेमॅकसनं फासावर लटकवलं. त्या गुलाम होत्या, त्यांना ‘नाही’ म्हणायची सोय कितपत होती? एमिली विल्सन या विदुषीचा अनुवाद २०१७ साली निघाला. संपूर्ण ‘ओडिसी’ इंग्रजीत आणून प्रसिद्ध करणारी ती पहिली स्त्री. तिनं दाखवून दिलं, की काही जुन्या अनुवादांत त्या मुलींना घातलेली शिवी मूळ ग्रीकमध्ये नाहीच. घर परत मिळालं, पण त्याची किंमत त्यांनीही मोजली, हे विसरू नये.

त्या रात्री अथीना देवीनं पहाट रोखून धरली. ओडिसियसनं बायकोला आधीच सांगून टाकलं, की अजून एक प्रवास बाकी आहे. खांद्यावर वल्हं घेऊन समुद्र माहीत नसलेल्या मुलखात जायचं, जिथं लोक वल्ह्याला धान्य उपणायचं अवजार समजतील. मग दोघं एकमेकांना सांगत बसली. त्यानं आपले राक्षस आणि वादळं सांगितली, तिनं घरात काय काय सोसलं ते सांगितलं. त्यानं तिचं सगळं ऐकलं, तिनं त्याचं सगळं ऐकलं, आणि संपेपर्यंत तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

पुढच्या वेळी मुलांना लाकडी घोड्याची गोष्ट सांगाल, तेव्हा त्या मागाचीही सांगा. मुलग्यांना तर नक्की सांगा.