कमिशनवर आहात, म्हणून ओव्हरटाइम नाही?

अमेरिकेत फर्निचरच्या किंवा मोबाइलच्या दुकानात नोकरीला लागलेली आपली मुलं अनेकदा सांगतात, "मी कमिशनवर आहे, मला ओव्हरटाइम लागू नाही." बोलणं अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी हक्काचे पैसे बुडतात.

तिथल्या 1938 च्या केंद्रीय श्रम कायद्यानुसार आठवड्यात 40 तासांच्या वर काम झालं की त्या जादा तासांना दीडपट दर द्यावा लागतो. 1961 च्या दुरुस्तीने कमिशनवरच्या विक्रेत्यांसाठी यातून सूट दिली. ही सूट मालकाला मिळते, आणि तीन अटी एकाच वेळी पाळल्या तरच.

पहिली अट दुकानाची. धंदा किरकोळ विक्रीचा किंवा सेवेचा हवा. वर्षाच्या उलाढालीतला किमान 75 टक्के माल पुन्हा विकण्यासाठी घेतलेला नसावा. घाऊक व्यापाऱ्याकडचा विक्रेता इथेच बाहेर पडतो.

दुसरी अट दराची, आणि गफलत बहुतेक इथेच होते. त्या आठवड्याची कमाई भागिले त्या आठवड्याचे सगळे तास, हा दर किमान वेतनाच्या दीडपटीपेक्षा जास्त हवा. केंद्रीय किमान वेतन 2009 पासून ताशी 7.25 डॉलर आहे, म्हणजे दीडपट 10.875.

समजा, एक मुलगा निव्वळ कमिशनवर आहे. एका आठवड्यात 50 तास गाद्या-पलंग विकून त्याने 600 डॉलर कमावले. दर पडला 12 डॉलर. सूट लागू, ओव्हरटाइम नाही. पुढच्या आठवड्यात बर्फ पडलं, गिऱ्हाईक फिरकलं नाही. तास तेवढेच 50, हाती आले 520 डॉलर. दर 10.40. त्या आठवड्यापुरती सूट गेली! कमिशनमध्ये पन्नासही तासांचा साधा दर येऊन गेलेला असतो, म्हणून वरच्या 10 तासांना आणखी अर्धा दर द्यायचा: 5.20 गुणिले 10, म्हणजे 52 डॉलर. आधीच्या आठवड्यात चांगली कमाई झाली होती, हे कारण चालत नाही. हिशेब आठवड्या-आठवड्याचा असतो.

तिसरी अट अशी की मालकाने ठरवलेल्या, किमान एक महिना आणि जास्तीत जास्त एक वर्षाच्या काळात निम्म्याहून जास्त कमाई कमिशनची हवी. पुढच्या कमिशनपोटी दर आठवड्याला उचल देण्याची पद्धत बऱ्याच दुकानांत आहे. ती गैर नाही. पण कमिशन कायम उचलीएवढंच निघत असेल, तिच्या वर जवळजवळ कधी जातच नसेल, तर कायदा त्याला खरं कमिशन मानत नाही. तो नुसता पगार ठरतो. गिऱ्हाइकाने खुशीने दिलेली टिपही कमिशनमध्ये धरत नाहीत.

मोटारींच्या शोरूममधल्या विक्रेत्यांना वेगळं कलम आहे. गाडी दुरुस्तीला आली की ग्राहकाशी बोलणारे सर्व्हिस अॅडव्हायझरही त्यातच येतात, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. दारोदार फिरून विकणाऱ्यांचा नियमही निराळा.

राज्याचा कायदा कामगाराला जास्त देत असेल तर तोच पाळावा लागतो. कॅलिफोर्नियात दीडपट मोजायची ती राज्याच्या किमान वेतनाची. 2025 मध्ये ते 16.50 डॉलर होतं, म्हणजे दर 24.75 च्या वर हवा.

सूट असली तरी रोजचे तास लिहून ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. तरीही माझं कळकळीचं सांगणं आहे, आपली वही आपण ठेवा. दुकानात शिरल्याची वेळ, निघाल्याची वेळ, त्या आठवड्याचं कमिशन, एवढंच लिहा आणि पगाराची स्लिप जपून ठेवा. केंद्रीय कायद्याखाली थकलेल्या ओव्हरटाइमवर दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. मालकाने जाणूनबुजून बुडवला असेल, तर तीन.